जुनी मोटार कोणाच्या हाती द्यावी?

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता हुणसूर आणि पिरियापट्टण ही गावे मागे टाकून कावेरीजवळ येतो, तेव्हा नदीपलीकडच्या कुशालनगरात, म्हणजे कोडगू जिल्ह्यात, प्रवेश करण्यापूर्वी म्हैसूर जिल्ह्याच्या अगदी शिवेवर बैलकुप्पे लागते. 1960 साली तत्कालीन म्हैसूर सरकारने दिलेल्या जमिनीवर तिबेटी निर्वासितांनी ही वसाहत उभी केली. आणि येथील नामड्रोलिंग मठातल्या सुवर्णमंडित मूर्तींचे दर्शन घ्यावे, सेरा मठाच्या प्रांगणात टाळ्या वाजवीत चालणारा भिक्षूंचा वादविवाद घटकाभर ऐकावा आणि मग कोडगूच्या डोंगरात चढावे, अशा बेताने पुण्या-कोल्हापूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने येथवर येतात.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच आलो होतो. आमची मोटार तेव्हा अकरा वर्षांची होती. मठाच्या वाहनतळातून बाहेर पडताना पुढच्या डाव्या चाकातून घासल्यासारखा आवाज येऊ लागला. आणि पुढे घाट, मागे सुमारे 80 किलोमीटरवर म्हैसूर, अशा त्या ठिकाणी, ज्या प्रश्नाचा विचार घरी निवांतपणे बसून करावयास हवा होता, तो रस्त्याच्या कडेला उभे राहून सोडविण्याचा प्रसंग आमच्यावर आला.

जवळच्या एका लहानशा गॅरेजातील मेस्त्रींनी जॅक लावून चाक उतरविले. ब्रेकचा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांपैकी एक पीन गंजून अडकली होती, आणि त्यामुळे आतल्या बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत झिजून गेला असता बाहेरचा मात्र जवळजवळ कोरा राहिला होता. त्यांनी पीन साफ करून तिला ग्रीस लावले, कुशालनगराहून नवे पॅड आणवून बसविले, जुने पॅड आमच्या हाती ठेवले आणि नंतर मोटार स्वतः चालवून पाहिली. तीन आठवड्यांपूर्वीच ती मोटार एका अधिकृत सेवाकेंद्रातून सर्व्हिसिंग होऊन आली होती, आणि तेथील तपासणी-पत्रकावर 'ब्रेक' या शब्दापुढे सर्व काही ठीक असल्याची खूण होती.

या एका अनुभवावरून 'शोरूम वाईट आणि बाहेरचे गॅरेज चांगले' असा निवाडा देणे सोपे होते. परंतु त्याच मोटारीच्या रेडिएटरमध्ये, आदल्याच वर्षी, एका ओळखीच्या गॅरेजाने कूलंटऐवजी नळाचे पाणी भरले होते, आणि आत धरलेला गंज निपटून काढण्यास आम्हांस पुष्कळ वेळ व पैसा खर्च करावा लागला होता, हेही तितकेच खरे. दोन्ही प्रसंगांचा शांतपणे विचार केल्यावर जे मला पटले ते असे, की जुन्या मोटारीच्या बाबतीत निवड दुकानाची करावयाची नसून कामाची करावयाची असते. कोणते काम कोणत्या हाताला साधते हे ओळखावे, आणि त्या सर्व कामांचे दफ्तर मात्र मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावे.

मोटार जुनी केव्हा म्हणावी?

मोटारीच्या आयुष्याचे व्यवहारदृष्ट्या तीन कालखंड पडतात. पहिला उत्पादकाच्या हमीचा. या मुदतीत मोटार अधिकृत सेवाकेंद्रात नेणे बहुधा हिताचेच असते, कारण दोष निघाल्यास दुरुस्तीचा भार उत्पादकावर पडतो आणि पुढे मोटार विकताना सलग नोंदीचा उपयोग होतो. दुसरा कालखंड हमी संपल्यापासून साधारणतः आठव्या-नवव्या वर्षापर्यंतचा. यात ब्रेक, क्लच, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे रबरी बुश असे झिजणारे भाग एकामागून एक बदलावे लागतात. तिसरा त्यानंतरचा, ज्यात वायरिंग, रबरी नळ्या, गळती, गंज असे वयाचे विकार दिसू लागतात आणि मोटारीची प्रकृती वेळापत्रकापेक्षा निरीक्षणावर अधिक अवलंबून राहते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; तदनंतर परिवहन कार्यालयात तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी ती नव्याने करून घ्यावी लागते. ही तपासणी निर्वेध पार पडावी अशी ज्याची इच्छा असेल त्याने तयारी चौदाव्या वर्षी नव्हे, तर आठव्या वर्षापासूनच करावयास हवी.

अधिकृत सेवाकेंद्राचे बळ

अधिकृत सेवाकेंद्राचे खरे सामर्थ्य तेथील वातानुकूलित प्रतीक्षागृहात नसून त्याच्या अखत्यारीत असलेल्या तीन गोष्टींत आहे. पहिली, उत्पादकाची दुरुस्ती-पुस्तिका आणि संगणकीय साधने; कारण इंजिन, ए.बी.एस. व एअरबॅग यांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेत नवा भाग बसविल्यावर त्याची मोटारीशी ओळख करून द्यावी लागते, आणि इमोबिलायझर असलेली किल्ली हरविली तर नवी किल्ली त्याच रीतीने सिद्ध करावी लागते. दुसरी, विशिष्ट मोटारीसाठी घडविलेली खास हत्यारे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दोषपूर्ण मोटारी परत बोलाविण्याच्या मोहिमांची माहिती. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरातून कोट्यवधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या, त्यांत भारतातील मोटारीही होत्या, आणि तो भाग विनामूल्य बदलून मिळत असे. आपल्याकडे मोटार परत बोलाविण्याची कायदेशीर सक्ती 2021 पासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू झाली. तथापि याहून जुन्या मोटारीसाठीही उत्पादक स्वेच्छेने मोहीम काढतात. यास्तव जुनी मोटार विकत घेणाराने तिचा चासी क्रमांक अधिकृत केंद्रात देऊन एखादे काम राहिले आहे काय, याची एकदा खातरजमा करून घ्यावी. चौकशीला खर्च नाही, आणि ज्ञान मात्र अमूल्य मिळते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तेथे मजुरी ठराविक तासांच्या दराने लावली जाते, आणि एका भागातील लहान दोषासाठी संपूर्ण जोडणीच बदलण्याकडे कल असतो. कारण जुना भाग उघडून दुरुस्त करण्यात जाणारा वेळ आणि त्याची जोखीम मोठ्या केंद्राच्या हिशेबात बसत नाही. ज्याच्याशी आपण बोलतो तो सल्लागार आणि जो मोटारीखाली शिरतो तो कारागीर हे बहुधा दोन निराळे इसम असतात, आणि त्या दोघांमध्ये आपली कैफियत कितीदा तरी हरवते. शिवाय इंजिन फ्लश, आतील भागाची विशेष स्वच्छता, रंगावरचे लेपन अशी जी कामे अंदाजपत्रकात आग्रहाने घातली जातात, त्यांपैकी कोणती पुस्तिकेत सांगितली आहेत हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे; जी तेथे नाहीत ती नम्रपणे पण निश्चयाने कमी करावयास सांगावीत.

मेस्त्रीची विद्या

'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि कन्नडातही तो परका नाही. बैलकुप्प्याच्या रस्त्यावर मराठी प्रवाशाने तो उच्चारला तरी आदराचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. कोल्हापूरकरांना तर या शब्दाचा अभिमान आहे, कारण तेथील यंत्रोद्योगाच्या आरंभाशी म्हादबा मेस्त्री यांचे नाव निगडित आहे आणि शिवाजी उद्यमनगरातील लेथ, ओतशाळा व लहानमोठे कारखाने यांनी मोडलेली वस्तू टाकून न देता पुन्हा उभी करण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या जोपासली आहे. चांगले स्वतंत्र गॅरेज हे या विद्येचे घर होय. तेथे मोटार तपासणारा, खोलणारा आणि जोडणारा हात एकच असतो. मागच्या खेपेस कोणता बुश घातला होता हे त्याच्या स्मरणात असते. आणि ज्या कामासाठी केंद्र नवी जोडणी सांगते ते काम तो अनेकदा एखादे सील, बेअरिंग वा कार्बन ब्रश बदलून निभावतो.

स्वतंत्र गॅरेज हे वस्तुतः एकटे नसते, हीसुद्धा ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्याच्या भोवती रेडिएटरवाला, एसीवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन, अलाइनमेंटवाला, डिझेल पंप व नोझल दुरुस्त करणारा आणि लेथवाला असा बलुतेदारांसारखा परिवार असतो. जो मेस्त्री 'हे माझे काम नव्हे, पंपवाल्याकडे पाठवितो' असे मोकळेपणाने सांगतो, तो विश्वासास पात्र समजावा. जो प्रत्येक कामास होकार देतो त्याच्याविषयी सावध राहावे. कारण याही बाजूला उणिवा आहेत: पक्की पावती न देणे, सुट्या डब्यातील तेल ओतणे, नट कसण्यासाठी टॉर्क पान्याऐवजी केवळ मनगटावर विसंबणे, आणि दोषाचे निदान न करता एकामागून एक भाग बदलून पाहणे.

कायद्याने दिलेला आधार

बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द होईल, किंवा मूळ भाग बाहेर मिळणारच नाहीत, ही भीती पुष्कळांच्या मनात घर करून असते. याच प्रश्नावर शमशेर कटारिया यांच्या फिर्यादीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. चौदा मोटार-उत्पादकांवर मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड आकारताना आयोगाने असे आदेश दिले की, सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांस उपलब्ध करून द्यावीत, आणि ग्राहकाने बाहेर दुरुस्ती करविली एवढ्याच कारणास्तव सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळेच नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. या हुकुमाविरुद्ध अपिले झाली, दंडाच्या रकमेविषयी वाद चालले. परंतु मोटारीचा मालक हा एकाच दुकानाचा बांधील नव्हे, हे तत्त्व त्यातून ठळकपणे पुढे आले.

प्रवाशाच्या दृष्टीने 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही उपयुक्त आहे. सेवेत कसूर झाल्याची तक्रार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगापुढे नेता येते. म्हणजे म्हैसूर जिल्ह्यात झालेल्या दुरुस्तीची दाद कोल्हापुरात मागता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक 1915 हा आहे. मात्र या सर्वांचा पाया म्हणजे पावती. थोडे पैसे वाचविण्यासाठी जो पावती नाकारतो, तो आपला पुरावाही त्यासोबत सोडून देतो.

सुट्या भागांची पारख

सुटे भाग चार प्रकारचे समजावेत. उत्पादकाच्या नावाच्या वेष्टनात मिळणारे; तेच भाग मुळात बनविणाऱ्या पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाने मिळणारे; अन्य नामांकित कंपन्यांचे; आणि बनावट. मोटार बनविणारी कंपनी प्रत्येक भाग स्वतः घडवीत नाही; बॉश, लुकास टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया यांसारखे पुरवठादार तो घडवितात, आणि त्यांचाच भाग दुसऱ्या वेष्टनात पुष्कळदा कमी किमतीस मिळतो. जुन्या मोटारीसाठी हा दुसरा प्रकार बहुधा सर्वांत शहाणपणाचा ठरतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे बॉल जॉइंट यांत मात्र अनोळखी नावाचा भाग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण तेथे पैशांची नव्हे तर प्राणांची बाब असते. भाग शक्य तर अधिकृत विक्रेत्याकडून स्वतः विकत आणावा, त्याचा क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहावा, आणि तेलाचा डबा आपल्या देखत उघडावयास सांगावा. टायर घेताना बाजूवरील अखेरचे चार अंक वाचावेत: 2319 याचा अर्थ 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. दुकानात नवा म्हणून ठेवलेला टायर वयाने जुना असू शकतो.

कामांची वाटणी

आता प्रत्यक्ष वाटणी कशी करावी ते सांगतो. एअरबॅग, ए.बी.एस., किल्ली, नियंत्रक संगणकाचे प्रोग्रॅमिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि परत बोलाविण्याच्या मोहिमेतील कामे अधिकृत केंद्राकडे द्यावीत. इंजिन ऑइल व फिल्टर, ब्रेक-पॅड, क्लच प्लेट, बुश, शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, सायलेन्सर, बॅटरी आणि अल्टरनेटर ही कामे पारखलेल्या स्वतंत्र गॅरेजात उत्तम होतात. डिझेल इंजेक्टर, एसी आणि रेडिएटर यांसाठी त्या त्या विषयाच्या कारागिराकडे जावे. अपघातानंतरची पत्रा व रंगाची दुरुस्ती विम्यातून होणार असेल तर काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीस कळवावे, आणि रोख रक्कम न भरता दुरुस्ती होणाऱ्या यादीत ते गॅरेज आहे काय हे पाहावे.

टायमिंग बेल्टचा विषय स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. मारुती 800 सारख्या कित्येक जुन्या गाड्यांत हा रबरी पट्टा असतो, तर काही इंजिनांत त्याच्या जागी साखळी असते. अनेक इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून क्षणात इंजिनाचा नाश होतो. म्हणून आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, आणि पट्टा असल्यास तो किती किलोमीटरला वा किती वर्षांनी बदलावयाचा, हे पुस्तिकेत वाचून ठेवावे. जुनी मोटार घेतली असेल आणि बदलल्याचा लेखी दाखला नसेल, तर तो बदललेला नाही असेच गृहीत धरावे.

गॅरेजाची परीक्षा

नव्या गॅरेजावर पहिल्याच भेटीत इंजिनाचे काम सोपवू नये. प्रथम ऑइल बदलणे वा ब्रेक साफ करणे असे लहान काम द्यावे आणि पाहावे: मेस्त्री आधी प्रश्न विचारतात की थेट पाना हाती घेतात, आवाज ऐकण्यासाठी मोटार स्वतः चालवून पाहतात काय, काढलेले जुने भाग दाखवितात काय, अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर काम थांबवून फोन करतात काय, इंजिनाचा दिवा लागला असता स्कॅनर लावून संकेत वाचतात, की अंदाजाने सेन्सर बदलावयास सांगतात. आपल्या देशात 2010 नंतरच्या मोटारींत दोषसंकेत साठविणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे त्या काळानंतरच्या मोटारीसाठी ज्या गॅरेजात स्कॅनर नाही ते अपुरे समजावे. तथापि स्कॅनरने दिलेला संकेत हा रोगाचे नाव नसून केवळ लक्षण असते. निदान शेवटी माणसानेच करावयाचे असते.

घाटापूर्वी

बैलकुप्प्यासारख्या ठिकाणी, घाट चढण्याआधी, काय करून घ्यावे आणि काय पुढे ढकलावे? ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि इंजिनाचे तापमान यांविषयी शंका असेल तर एक पाऊलही पुढे टाकू नये. जवळच्या मेस्त्रींना दाखवावे, आणि जेवढ्याने प्रवास निर्धोक होईल तेवढेच करून घ्यावे. क्लच प्लेट, शॉक अॅब्सॉर्बर वा तेलाचा किंचित पाझर यांसारखी मोठी पण तातडीची नसलेली कामे म्हैसूरला किंवा घरी परतल्यावर करावीत. परमुलखात, घाईत आणि कुटुंब ताटकळत असताना घेतलेले मोठे निर्णय क्वचितच योग्य ठरतात.

ब्रेक ऑइलचे मात्र घर सोडण्यापूर्वीच पाहावे. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट-3 प्रकारचे ताजे तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट-4 साठी हेच अंक 230 आणि 155 आहेत. मडिकेरीहून संपाजेकडे किंवा परत कुशालनगराकडे उतरताना सतत ब्रेक दाबला, की उष्णतेने जुने तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. म्हणून पुस्तिकेने सांगितलेल्या मुदतीत, आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी, ते बदलावे. आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे बराचसा भार इंजिन आपल्या अंगावर घेते.

मालकाची वही

बैलकुप्प्याहून परतल्यावर मी एक साधी रेघांची वही घेतली. तारीख, किलोमीटर, तक्रार, केलेले काम, भागाचे नाव व क्रमांक, तेलाची प्रत, खर्च आणि गॅरेज, एवढे स्तंभ तीत आखले, आणि मागील पृष्ठांवर पावत्या चिकटविल्या. त्या मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे कॅलिपरच्या चारही पिना दर वर्षी साफ करावयाच्या, ही त्या वहीतील पहिली नोंद. आता मोटार अधिकृत केंद्रात जावो की गल्लीतील गॅरेजात, मी वही उघडून समोर ठेवतो. आणि असे दिसते की, मालकाला आपल्या मोटारीचा इतिहास ठाऊक आहे हे एकदा समजले, म्हणजे समोरचा कारागीरही अधिक मन लावून काम करतो. केंद्राचे दफ्तर केंद्रापाशी राहते, मेस्त्रींची स्मृती मेस्त्रींपाशी. दोन्हींची गाठ पडते ती फक्त या वहीत. गेल्या महिन्यात केंद्रातील एका तरुण कारागिराने ती पहिली नोंद वाचली, आणि मी काही न सांगताच चाक उतरवून पीन हाताने सरकवून पाहिली.